डांबरगोळी सर

आमच्या शास्त्राच्या सरांना "काय सर, कसं काय?" असं सहज विचारायची सोय नव्हती. ते खरंच सांगायचे. "डाव्या कोपरावर दोन भेगा आहेत, उजव्यावर एक. गुडघे कालच्यापेक्षा बरे. झोप साडेपाच तास." हे सगळं व्हरांड्यात उभ्या उभ्या, हातात खडू धरून, आणि विचारणारा कसनुसा हसत मागे सरकतोय. मी लोणंदच्या त्या हायस्कुलात मराठी शिकवायला रुजू झाले त्या दिवशी रीत म्हणून विचारून बसले होते. तास बुडाला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीची, नुकती बी.एड. झालेली, तेवीस वर्षांची आणि तापट. आता सत्तरी ओलांडली तरी तापटपणा काही उतरलेला नाही, माझ्या सुनेला विचारा. सर तेव्हा पन्नाशीचे, सडपातळ, एकटे. पांढरा सदरा, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या आणि दोन्ही कोपरांवर डांबराचं काळं मलम. सरांना सोरायसिस होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कातडीवर लाल चट्टे उठतात, त्यांवर चंदेरी खपल्या धरतात, खाजवलं की वाढतात, थंडीत भेगा पडून रक्त येतं. कुणाचा कुणाला लागत नाही आणि मुळापासून जातही नाही. मिरजेच्या एका म्हाताऱ्या कातडीच्या डॉक्टरांनी सरांना दगडी कोळशाच्या डांबराचं मलम सांगितलं होतं. रस्त्यावर ओततात ते डांबर वेगळं, त्याचा इथे काही संबंध नाही. हे थोडंसं घ्यायचं, व्हॅसलीन आणि झिंकच्या भुकटीत कालवायचं, रात्री लावायचं, सकाळी गोडेतेलाने पुसून काढायचं आणि कोवळ्या उन्हात बसायचं. सर दिवसाही लावायचे, त्यामुळे ते वर्गात शिरायच्या आधी त्यांचा वास शिरायचा.

मुलांनी अर्थातच नाव पाडलं होतं, डांबरगोळी. एकदा कुणीतरी फळ्यावर ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. सर आले, वाचलं, खाली डांबरगोळीचं रासायनिक सूत्र लिहिलं आणि म्हणाले, "हा पदार्थ डांबरापासूनच काढतात. नाव बरोबर आहे." मग त्याच सूत्रावर त्यांनी पुरा तास घेतला. पोरांची गंमतच गेली, पण नाव काही गेलं नाही.

डांबर ते विकत आणत नसत, स्वतः काढत. नववीच्या पुस्तकात तो प्रयोगच होता. कठीण काचेच्या नळीत दगडी कोळशाचा चुरा घालून जोरात तापवला की धूर दुसऱ्या नळीत जातो, तिथे तळाला काळं डांबर जमतं आणि वर उरलेला वायू टोकाशी पेटवला की जळतो. इतर शाळांत हे वर्षातून एकदा होतं. आमच्याकडे सर रोज शाळा सुटल्यावर एक नळी लावायचे आणि थेंब थेंब साठवून वर्षाचं औषध करून ठेवायचे. त्यांना विचारलं की ते डॉक्टरांच्या हस्ताक्षरातलं प्रमाण दाखवायचे. आज कुणी असले उद्योग घरी करू नयेत, एवढं सांगून माझी जबाबदारी संपली.

कोळसा मिळायचा स्टेशनावर. तेव्हा गाड्यांना वाफेची इंजिनं होती आणि रुळांच्या कडेला कोळशाचे तुकडे पडलेले असायचे. अख्खं लोणंद ते वेचून बंबात घालायचं. सरांनी मात्र स्टेशनमास्तरांना रीतसर अर्ज केला, "खाली पडलेल्या कोळशापैकी चार किलो, शैक्षणिक व अंशतः वैयक्तिक औषधी उपयोगासाठी." त्या 'अंशतः वैयक्तिक'वर स्टेशनमास्तर इतके खूश झाले की त्यांनी तो अर्ज टेबलाच्या काचेखाली घालून ठेवला. मी तो स्वतः पाहिलाय.

खोटं बोलणं हा प्रकार सरांना जमतच नव्हता. हजेरीच्या वहीत आम्ही सगळे डोळे झाकून दहा पंचेचाळीस लिहायचो. सर लिहायचे, "दहा एक्कावन्न. सायकलची साखळी पडली." हेडमास्तरांनी विनवलं, अहो, तपासणीला अडचण येते. सर म्हणाले, "मग शाळा अकराला भरवा." हेडमास्तरांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला आग्रह चालला होता, जिलबी कशी झालीय? सगळी पंगत म्हणाली, झकास. सर म्हणाले, "पाक मुरला नाही, आतून कोरडी आहे." आणि वर आणखी चार वाढून घेतल्या, भूक होती म्हणून.

प्रयोगाच्या वहीचंही तेच. एकदा प्राणवायू तयार करताना नळी तडकली आणि प्रयोग फसला. चाळीस मुलांनी वहीत पुस्तकातलं उतरवलं, जळती काडी प्रखरतेने पेटली. सगळ्यांना शून्य. एका मुलीने लिहिलं, "नळी फुटली. सर दचकले. मामूने केरसुणी आणली." तिला दहापैकी दहा. मामू म्हणजे आमचे शिपाई. ते गावातल्या तांबोळ्यांच्या घरातले, वयाने सरांच्याही पुढे, आणि सगळी शाळा त्यांना मामूच म्हणायची. आपलं नाव वहीत आलं म्हणून ते आठवडाभर खुशीत होते.

आता माझं. मलाही सोरायसिस होता, अकराव्या वर्षापासून, दोन्ही कोपरांवर. सांगलीहून निघताना आईने बजावलं होतं, "कोपर कुणाला दाखवायचं नाही. नोकरीत कायम होईपर्यंत नाही आणि लग्न होईपर्यंत तर नाहीच नाही." माझ्या पाठच्या दोन बहिणी होत्या, माझ्या कोपरांवर त्यांचीही लग्नं अडली असती. म्हणून भर उन्हाळ्यात मी मनगटापर्यंत बाह्यांची पोलकी घालायची. लोकांना वाटायचं, सांगलीकडची फॅशन असेल.

एक दिवस शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. सर माझ्या हजेरीपटाकडे बघत म्हणाले, "बाई, कोपरं का गुडघे?"

"म्हणजे?"

"हा कोंडा. काळ्या पुठ्ठ्यावर चांगला दिसतो. डोक्यातला असा नसतो. कोपरंच असणार, तुम्ही टेकून बसता."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "तुमच्या घरात बायकांशी असंच बोलतात का?"

"माझ्या घरात बायका नाहीत," सर शांतपणे म्हणाले.

मी वही उचलली आणि तरातरा चालती झाले. आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी माझ्या खणात शाईच्या दौतीएवढी बाटली आणि चिठ्ठी, "रात्री लावणे. जुनी चादर वापरणे. वास येतो. गुण येईलच असे नाही." इतकं प्रामाणिक औषध मला पुढच्या आयुष्यात कुठल्याही डॉक्टरने दिलं नाही. मी ते शनिवारचं शनिवारी, चोरून, जीव मुठीत धरून लावायला लागले. गुण बेताचाच आला, कारण ऊन मिळत नव्हतं. भाड्याच्या एका खोलीत राहणारी पोरगी उघडे दंड घेऊन उन्हात बसणार कुठे?

मार्चमध्ये आठवीतल्या एका मुलीच्या मानेवर नायटा उठला. तिचा बाप शाळेत आला आणि म्हणाला, मास्तरचा रोग पोरीला लागला. दुपारपर्यंत बाजारात त्याचा महारोग झाला. दोन दिवसांत सात पालकांनी दाखले मागितले. मग शाळा समितीची सभा बोलावली. अध्यक्ष फौजेतून सुभेदार होऊन आलेले, माणूस वाईट नव्हता. माझं अक्षर चांगलं म्हणून सभेचं इतिवृत्त लिहायला मला बसवलं होतं.

"सर, फौजेत म्या चमडीचं लय आजार बघितलेत," अध्यक्ष म्हणाले. "तुमचा महारोग न्हाई, ह्ये मला कळतंय. पर लोकांस्नी कोन सांगणार? मला येकच सांगा. ह्या शाळंत तुमच्याबिगर दुसऱ्या कुनाला ह्ये हाय का?"

माझं पेन थांबलं. सर खोटं बोलत नाहीत, हे सगळ्या लोणंदला ठाऊक होतं. त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर मी गेलेच असते आणि तेही गेले असते, कारण लोक म्हणाले असते, बघा, लागला की नाही बाईंना. मी उठून सांगू शकत होते की मला लहानपणापासून आहे, सरांचं तोंडही पाहिलं नव्हतं तेव्हापासून. हे मला आज सुचतं असं नाही. तेव्हाही सुचलं होतं.

सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाही," ते म्हणाले. "कुणालाही नाही."

"मग म्हयनाभर बघू," अध्यक्ष म्हणाले. "तवर कुनाला झालं तर मात्र माझा नाइलाज हाय."

मी लिहिलं, "शाळेत अन्य कुणास हा विकार नसल्याचे सरांनी सांगितले." अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. त्याची मला अजून चीड येते.

दुसऱ्या दिवशी सर मला म्हणाले, "उद्यापासून रोज सकाळी आठला या. मागच्या अंगणात."

"कशाला?"

"काल मी जे बोललो ते महिन्याभरात खरं करायचंय."

प्रयोगशाळेच्या मागे मोडके बाक टाकायचं एक अंगण होतं, भिंती पुरुषभर उंच, आणि सकाळी तिथे छान ऊन यायचं. मी आत बसायची, दार लावून घ्यायची. दाराच्या पलीकडे सर घड्याळ घेऊन बसायचे आणि लोकांच्या तोंडाला कुलूप म्हणून त्यांनी शेजारी मामूंना बसवलेलं असायचं. "पाच मिनिटं झाली, बाई. बाजू बदला," सर ओरडायचे. मामू म्हणायचे, "पापड वाळत घातल्यागत चाललंय की वो सर." पुढची पाच मिनिटं मोजेपर्यंत सर त्यांना सूर्यकिरणांविषयी काहीबाही सांगायचे आणि मामू बहुतेक पेंगायचे. आता माझ्या अंगालाही वास यायला लागला होता, पण शाळेतला सगळा वास सरांच्या नावावर खपत होता. त्या चार आठवड्यांइतकी मी सकाळी उठायला उत्सुक पुन्हा कधी नव्हते. बाहेर पुण्याकडची गाडी शिट्टी देऊन जायची, पाठीवर ऊन, आणि दाराबाहेर दोन म्हातारे माझ्या कोपरांसाठी बसलेले.

दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की सरांची स्वतःची कोपरं आता काळी नसतात. मी विचारलं. त्यांना विचारलं की ते सांगणारच.

"एकाला पुरेल एवढंच उरलंय. परीक्षेसाठी प्रयोगशाळा बंद आहे आणि नळ्याही जूनशिवाय येत नाहीत."

"मिरजेहून आणा मग."

"ते डॉक्टर वारले. साताऱ्याचा औषधवाला म्हणतो, असलं मलम आता कोण कालवत बसतो."

"मग मी लावणार नाही."

"मग मी खोटारडा ठरतो," सर म्हणाले. "तुम्ही ठरवा."

मी लावत राहिले. चौथ्या आठवड्यात खपल्या गेल्या, लाली उतरली, कोपरांवर नुसते फिकट डाग उरले. महिन्याच्या सभेला मी आयुष्यात पहिल्यांदा आखूड बाह्यांचं पोलकं घालून गेले. सरांनी सभेआधी चष्मा कपाळावर चढवून दोन्ही कोपरं तपासली. "आजच्या तारखेला खरं आहे," ते म्हणाले. "पुढचं सांगता येत नाही." आणि हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सभेत सगळ्यांचं लक्ष मात्र सरांच्या हातांकडे होतं. औषध थांबल्यामुळे चट्टे कोपरांवरून मनगटापर्यंत उतरले होते, बोटांच्या पेरांना भेगा होत्या, खडूला रक्त लागत होतं. मुलीचा नायटा केव्हाच बरा झाला होता, दुसऱ्या कुणाला काही झालं नव्हतं, पण त्याचं कुणाला काही नव्हतं.

"सर, तुमचं तर लय वाढलंया," अध्यक्ष म्हणाले. "औशिद बंद केलं का काय?"

"हो."

"का वो?"

"संपलं."

"वर्साचं करून ठिवता म्हनं तुमी. कुटं ग्येलं मग?"

सर म्हणाले, "ते मी सांगणार नाही."

समितीतला एकजण पुटपुटला की हा उद्धटपणा आहे. अध्यक्षांचाही चेहरा उतरला. त्यांना सर राहायला हवे होते, पण सरांनी त्यांच्या हातात काही दिलंच नाही. आणि मी तिथे बसले होते, उघडी, गुळगुळीत कोपरं टेबलावर टेकून. एवढंच म्हणायचं होतं, औषध इथे आलंय, हे बघा, हे बरं होतं आणि कुणाला लागत नाही. एक वाक्य. माझी तेव्हा अजून कायमची ऑर्डर यायची होती. मी खाली मान घालून लिहिलं की संस्थेच्या पाटणच्या शाळेत शास्त्र शिक्षकाची जागा रिकामी असल्याने सरांची तिथे बदली करण्यात येत आहे.

पाटण म्हणजे कोयनेचं खोरं. तिथे पावसाळ्यात महिना महिना ऊन दिसत नाही. सरांनी "ठीक आहे" म्हटलं आणि मे महिन्यात ते निघून गेले. मी तेव्हा सुट्टीला सांगलीत होते. आई म्हणाली, "बरं झालं बाई, वाचलीस. तुझं काय चुकलं त्यात?" जूनमध्ये मी कायम झाले. हेडमास्तर म्हणाले, सभेचा निर्णय होता, तुम्ही कशाला मनाला लावून घेता. मामूही म्हणाले, "तुमी तरी काय करनार हुता, बाई." सगळ्यांनी माझी इतकी समजूत घातली की मलाही पटायला आलं होतं.

श्रावणात आभाळ भरून राहिलं आणि माझी कोपरं पुन्हा लाल झाली. मी ट्रंकेतून लांब बाह्यांची पोलकी काढली, घडी मोडली आणि तशीच बसले. मग ती परत आत टाकली आणि आखूड बाह्यांनी वर्गात गेले. कवितेचा तास होता. पहिल्या बाकावर तीच नायट्याची मुलगी, आता नववीत आलेली. तिने माझ्या कोपराकडे पाहिलं आणि हात वर केला.

"बाई, तुमाला बी सरांचंच झालंय?"

"हो. पण त्यांच्याकडून नाही. मी तुझ्याहून लहान होते तेव्हापासून आहे."

"मंग त्ये लागत न्हाई?"

"नाही."

ती लगेच म्हणाली, "मंग सर कशापायी ग्येलं?"

वर्गात कुणी ओरडलं नाही, बाक सोडून पळालं नाही, दुसऱ्या दिवशी एकही दाखला कुणी मागितला नाही. ज्याला मी बारा वर्षं भीत होते ते होऊन गेलं आणि झालं काहीच नाही. तिचा प्रश्न डोक्यात घेऊन मी अध्यक्षांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आवं बाई, त्यांच्या जागी मानूस आला की आता."

त्याच रविवारी मी साताऱ्यावरून पाटणची एसटी धरली. सर एका खोलीत राहत होते. भिंतींना ओल आलेली, दोरीवर न वाळलेले सदरे, बाहेर धुकं इतकं की समोरचा डोंगर कुठे आहे ते कळू नये. सरांनी हाताला फडकी गुंडाळली होती. त्यांनी मला बसायला सांगितलं, स्टोव्हवर चहा टाकला आणि आधी माझी कोपरं उजेडाकडे धरून पाहिली.

"परत आलं," ते म्हणाले.

"हो सर."

मी सगळं सांगितलं. वर्गातलं, त्या मुलीचं, अध्यक्षांचं. मग ज्यासाठी आले होते ते विचारलं, "सर, त्या दिवशी सभेत मी बोलायला हवं होतं का?"

खरं सांगते, मी उत्तर ठरवूनच गेले होते. या माणसाने माझ्यासाठी एकदा खोटं बोलून दाखवलं होतं. आणखी एकदा बोलेल, म्हणेल की नाही हो बाई, तुम्ही काय करणार, आणि मी हलकी होऊन परत जाईन.

सरांनी चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसले.

"हो," ते म्हणाले. "बोलायला हवं होतं."

मला रडू फुटलं. ते उठले नाहीत, समजूत घालायला पुढे आले नाहीत. माझं रडणं संपेपर्यंत फडकी गुंडाळलेले हात मांडीवर ठेवून समोर बसून राहिले. मग म्हणाले, "साताऱ्याची गाडी चारला आहे. चहा घ्या, तोपर्यंत बसू."